पंचवीसपैकी चार

सराव परीक्षेचे पेपर मी वाटले, तेव्हा थोरलीने आपला पेपर पालथा घातला आणि त्यावर कोपर रोवून बसली. पंचवीसपैकी चार. शेजारी तिची जाऊ बसली होती, धाकटी. तिला एकवीस.

शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांसाठी मी दुपारी तीन ते पाच दहावीचा वर्ग घ्यायची. जागा ग्रंथालयाच्या मागची खोली. तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते आणि पंखा चालू केला की वरच्या गठ्ठ्यांची पानं फडफडायची. अकरा जणी यायच्या. त्यात एकाच घरातल्या या दोघी, म्हणून वर्गाने त्यांना थोरली आणि धाकटी करून टाकलं. मीही तेच म्हणू लागले.

थोरली इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. चौदा वर्षं. सकाळी सहाला हजर आणि दोनला सुटका. हात कोपरापर्यंत साबणाने उललेले. तिथल्या कापडखोलीची मुकादम निवृत्त होणार होती, ती जागा थोरलीला हवी होती आणि जागेला दहावी लागत होती. सासूबाईंनी तिच्या सोबतीला धाकटीलाही पाठवलं. धाकटी घरात बसून शिवणकाम करायची, लग्न होऊन आली तेव्हापासून कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. तिला अभ्यासाचं वेड आहे हे तिलाही वर्गात आल्यावरच कळलं.

थोरलीला ते वेड पहिल्या आठवड्यापासून खुपायला लागलं. धाकटीची वही नीट, धाकटीचं पाठांतर पक्कं. घरी दीर बायकोला प्रश्न विचारून उत्तरं तपासायचा, आणि थोरलीचा नवरा मात्र विचारायचा, "झालं का तुझं ते?" जणू ती भांडी घासत होती. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं, अगदी हिशेब दिल्यासारखं. "बाई, खोटं कशाला बोलू? ती वही उघडायची ना, माझा नुसता जळफळाट व्हायचा."

पण इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न असा होता, जो आपलाच आहे असं तिला वाटत होतं. स्रोतांवरचा प्रश्न. त्यात एखाद्या प्रसंगाबद्दल तीन-चार उतारे देतात, कधी सरकारी पत्रक, कधी पत्र, कधी फोटो. ते वाचून उत्तरं लिहायची असतात. पहिला उतारा काय सांगतो, दुसरा त्याच्याशी जुळतो का, कोणाच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवावा. त्या वर्षी विषय होता वांशिक संघर्ष आणि आपत्तीतलं मदतकार्य. मी फळ्यावर 'वांशिक संघर्ष' असं लिहिलं, तेव्हा थोरली हसली होती. "याला एवढं मोठं नाव आहे होय? आम्ही नुसतं 'ते दिवस' म्हणायचो."

ते दिवस तिने पाहिले होते. ती एकोणीस वर्षांची होती. तिच्या माहेरच्या गावात टेकडीवर एक बोली बोलणारे राहायचे आणि नदीकाठी दुसरी. पिढ्यान्‌पिढ्या शेजार होता. मग बाजारात कशावरून तरी मारामारी झाली, दुकानं जळली, माणसं गेली, आणि लोक एकमेकांकडे पाठ करून चालायला लागले. तीन आठवड्यांनी नदीला पूर आला. शाळेत छावणी पडली आणि पाण्यासाठी दोन रांगा लागल्या. थोरली नदीकाठची. यादीवाल्या माणसाने नाव विचारलं, तिचं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, "तुमची रांग पलीकडे." पलीकडच्या रांगेतला म्हणाला, "तुमचं नाव या यादीत नाही." दोन दिवस ती रिकामा डबा घेऊन दोन्हीकडून परत आली. आई तापाने पडलेली. तिसऱ्या दिवशी टेकडीवरची एक अनोळखी बाई तिचा हात धरून म्हणाली, "माझ्याबरोबर उभी राहा. तोंड उघडू नकोस. विचारलं तर माझी मुलगी आहेस." पाणी मिळालं.

सराव पेपरातला प्रसंग दुसऱ्याच कुठल्या देशातला होता, पण विषय तोच. पहिला उतारा सरकारी पत्रक: मदत कोणताही भेदभाव न करता सर्वांपर्यंत पोहोचली. दुसरा उतारा मदतकार्यातल्या एका डॉक्टरचं पत्र: यादीत नाव नसलेल्यांना परत पाठवावं लागलं. थोरलीने अडीच पानं लिहिली. पहिलंच वाक्य होतं, "हे धादांत खोटं आहे." मग स्वतः पाहिलेलं सगळं ओतलं. जाळपोळ, पूर, आईचा ताप, सगळं. उताऱ्यांचं नावसुद्धा घेतलं नाही. गुण द्यायला मी जागा शोधत होते, खरंच शोधत होते. चारच सापडले.

धाकटीने लिहिलं होतं: पहिला उतारा असं म्हणतो, त्यातल्या अमुक शब्दांवरून हे दिसतं, दुसरा त्याला छेद देतो, पत्रक सरकारने काढलं आहे, तेव्हा ते स्वतःच्या कामात उणीव दाखवणार नाही. शेवटी, दुसऱ्या उताऱ्याला आधार म्हणून, तीन ओळी स्वतःच्या माहितीच्या होत्या. एका मुलीला बोलीवरून दोन्ही रांगांतून परत पाठवलं आणि एका परक्या बाईने तिला आपली मुलगी म्हणून पाणी मिळवून दिलं, असं काहीतरी.

मला ते इतकं आवडलं की मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. "बघा, स्वतःची माहिती अशी वापरायची. उताऱ्याच्या जोडीला. त्या तीन ओळींना मी पूर्ण गुण दिलेत."

ती माहिती कोणाची, हे मला ठाऊक नव्हतं. वर्गात ते दोघींनाच ठाऊक होतं. धाकटी खाली बघत राहिली. थोरली उठली, पिशवी उचलली आणि निघून गेली. मला वाटलं, घरी कामाची घाई असेल.

त्या संध्याकाळी घरी काय झालं? काहीच नाही. थोरलीने पोळ्या केल्या, सगळ्यांना वाढल्या. भाजी चिरता चिरता तिनेच कधीतरी धाकटीला ती पाण्याची गोष्ट सांगितली होती. तिने आजवर ती दुसऱ्या कोणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. "माझ्याच गोष्टीवर तिला पूर्ण गुण, आणि मला चार," ती मला म्हणाली. "तळपायाची आग मस्तकात गेली, बाई. सोन्याचा दागिना नेला असता तर मी मागून घेतला असता. हे कसं मागणार?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिने धाकटीची वही, सहा महिन्यांच्या उत्तरांची वही, शिलाई यंत्राच्या खणातून काढून आपल्या पिशवीत टाकली. लाँड्रीत पोचल्यावर मळक्या चादरींच्या गोणीत कोंबली आणि गोणी मोठ्या यंत्रात रिकामी केली.

वही धुतल्यावर काय होतं याचा तिने विचार केला नव्हता. यंत्र थांबलं तेव्हा ऐंशी चादरींवर कागदाचा लगदा बसला होता, निळसर, चिकट, कोपऱ्याकोपऱ्यात. झटकला की उडून दुसऱ्या चादरीवर बसायचा. शस्त्रक्रियेच्या खोलीत जाणाऱ्या चादरी होत्या. मुकादमबाई आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे काय?"

"माझ्याकडून वही गेली."

"कोणाची?"

थोरलीने त्या चादरी एकेक करून झटकल्या, हाताने वेचल्या, पुन्हा धुतल्या. दोनची सुटका सहावर गेली.

घरी धाकटी वही शोधत होती. पलंगाखाली, कपाटामागे, पोरांच्या दप्तरात. शेवटी ती सासूबाईंकडे संशयाने बघायला लागली, कारण सासूबाई चुलीपाशी कागद लागला की हाताला येईल तो उचलायच्या. थोरलीने तोंडातून चकार शब्द काढला नाही. आणि वर्गाला येणंही बंद केलं.

पंधरा दिवस वाट पाहून मीच इस्पितळात गेले. लाँड्री तळमजल्यावर होती. वाफेने माझा चष्मा पांढरा झाला. थोरली टेबलाशी उभी राहून वॉर्डांतून आलेल्या गोण्यांतल्या चादरी मोजून घेत होती. मला बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मला नाही जमायचं ते, बाई. मी पाहिलेलं लिहिलं तरी तुम्हाला खोटं वाटतं."

"खोटं नाही वाटलं. प्रश्न वेगळा होता."

"मग खऱ्याला किंमत काय?" आणि तिने सगळं सांगितलं. पाण्याची गोष्ट, धाकटीच्या तीन ओळी, चादरी. बोलता बोलता हात मोजतच होते. मी खजील झाले. ज्या उत्तराचं मी कौतुक केलं, ते मी अकरा जणींसमोर तिच्याच तोंडावर वाचलं होतं.

मी तिच्या हातातल्या, गोणीबरोबर वॉर्डातून आलेल्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. "यावर चाळीस चादरी लिहिलंय. मग तुम्ही मोजता कशाला?"

"अहो, वॉर्ड चारची चिठ्ठी आहे ती. त्यांच्या दोन-तीन चादरी नेहमी हरवतात, मग जास्तीच लिहितात, म्हणजे बोलणी आम्हाला. लहान मुलांच्या वॉर्डची चिठ्ठी बरोबर असते, पण ओल्या कापडाचं लिहायचं राहतं, घाईत असतात बिचाऱ्या. आणि रात्रपाळीच्या चिठ्ठीवर तर..."

ती थांबली. मी तिच्याकडे बघत होते.

"चिठ्ठी कोणी लिहिली, का लिहिली, काय गाळलं," मी म्हटलं. "तेच तर विचारतात. पत्रक खोटं आहे एवढं लिहून गुण मिळत नाहीत. वॉर्ड चार जास्ती का लिहितो ते जसं सांगितलंत, तसं सांगायचं."

"एवढंच?"

"एवढंच नाही. पण इथून सुरुवात."

तिने गोणीचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "आणि माझी गोष्ट?"

"ती शेवटी. तीन ओळीत."

"तीन?" तिचा आवाज चढला. "माझे दोन दिवस गेले त्या रांगांत!"

ती परत आली, पण धाकटीपासून तीन बाक दूर बसली. तिच्याइतकं हट्टाने शिकणारं मी कोणी पाहिलं नाही. धाकटी एक उतारा सोडवून आणी, तर ही दोन. धाकटीला उत्तराला वीस मिनिटं लागतात हे कळल्यावर हिने घरून गजराचं घड्याळ आणलं आणि अठरा मिनिटांचा गजर लावला. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा ग्रंथपाल धावत आला. गुण सांगितले की ती आधी धाकटीच्या पेपराकडे बघायची, मग स्वतःच्या. चाराचे नऊ झाले, नवाचे तेरा. धाकटी बावीसवर जाऊन बसली होती.

खऱ्या परीक्षेत विषय आला भूकंपानंतरच्या मदतीचा. दोन जमातींचं भांडण, एक सरकारी निवेदन, आणि एका मंत्र्याचा घोंगडी वाटतानाचा फोटो. थोरलीने बाहेर आल्यावर मला सांगितलं, "फोटोत घोंगडी एकच होती. मागे माणसं पन्नास. मी लिहिलं, फोटो काढणाऱ्याला कोणाला दाखवायचं होतं ते बघा."

"आणि स्वतःची माहिती?"

"पाच ओळी झाल्या. तीनमध्ये नाही बसत."

निकाल लागला. थोरलीला बावन्न टक्के, धाकटीला एक्याऐंशी. थोरली पास झाल्याचा आनंद ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरेपर्यंत टिकला. मग तिने धाकटीची गुणपत्रिका मागून घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली, घडी घालून परत दिली, आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, म्हणाली, "तुझी वही मी धुतली. यंत्रात घालून."

धाकटीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला. "ताई, मी तीन महिने सासूबाईंशी धड बोलले नाही! त्यांच्या चहात साखरसुद्धा कमी घातली!"

"तूही माझी गोष्ट नेलीस."

"मग तेव्हाच बोलायचं होतं ना. मला मारायचं होतं एक. वही कशाला?" ती रडत रडत एकटीच घरी गेली. समजूतदारपणे गळ्यात वगैरे पडली नाही. महिनाभर दोघी एका स्वयंपाकघरात एकमेकींना ओलांडून वावरल्या. मीठ हवं असलं तरी पोराकरवी मागायच्या. मग एका सकाळी धाकटीने थोरलीच्या डब्यात जेवण भरता भरता म्हटलं, "विचारून घ्यायला हवं होतं मी. चुकलं माझं." थोरली म्हणाली, "हं." दोघींमध्ये ते तेवढ्यावर मिटलं.

थोरली कापडखोलीची मुकादम झाली. आता वॉर्ड चारची चिठ्ठी ती जशीच्या तशी परत पाठवते, खाली पेनाने प्रश्नचिन्ह काढून. तिथल्या परिचारिका तिला घाबरून असतात. धाकटी पुढे बारावीला बसली.

गेल्या महिन्यात थोरली माझ्या घरी आली. खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "धाकटीचा बारावीचा निकाल लागला. शहाऐंशी टक्के. म्हटलं, बाईंना आपणच सांगावं."

"वा! किती छान."

"हो, छानच." तिने पेला खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. "पण यंदाचा पेपर फार सोपा होता म्हणे. सगळेच म्हणतात."