नूपुरची पुठ्ठ्याची चाळ

आमच्या लालबागच्या चाळीत हेरंब मखरं बनवतो. पुठ्ठा, कापड आणि चार लाकडी पट्ट्या दिल्या तर तो राजवाडा उभा करील. गणपतीच्या दिवसांत त्याला जेवायची फुरसत नसते आणि एरवी त्याचे हात शिवशिवत असतात. मी त्याची शेजारीण, बकुळा. माणूस लाख चांगला, पण लेकीचा गृहपाठ दिसला की त्याला आवरणं कठीण.

गेल्या वर्षी नूपुर दुसरीत होती. शाळेनं घरून पवनचक्की करून आणायला सांगितली. हेरंबनं मोटर लावली, दिवे लावले, मागे डोंगर केला, डोंगरावर गाई चरायला सोडल्या. नूपुरनं काय केलं? बापाला कात्री आणून दिली. वर्गात टाळ्या पडल्या. मग बाईंनी विचारलं, "ही फिरते कशी, सांग बघू." पोरीला एक शब्द सुचला नाही. घरी आली ती पांघरूण डोक्यावर घेऊन झोपली. हेरंबला मात्र बाईंचाच राग आला.

यंदा 'माझं घर' करायचं होतं. नूपुरनं बुटांचं रिकामं खोकं मांडीवर घेतलं आणि बापाला म्हणाली, "बाबा, हे मी करणार. तू हात नाही लावायचा."

"अगं, नुसता पाया घालून देतो."

"पाया पण नाही."

तिची आई, ललिता, आतून हसली. मी भाजी निवडायला मुद्दाम त्यांच्याच दारात बसले. असा तमाशा फुकट कोण सोडील?

पण थोड्याच वेळात मला हेरंबची दया यायला लागली. जिना वाकडा चिकटला तेव्हा तो नुसता खोकला. खिडक्या लहानमोठ्या झाल्या तेव्हा उठून पाणी प्यायला. एकदा हात कात्रीकडे गेला, तर मी डोळे वटारले. शेवटी त्यानं वेगळंच काढलं. "ही भिंत का पडत असेल गं?" असं त्यानं तिलाच विचारलं. नूपुरनं विचार केला, पुठ्ठ्याची कड दुमडून बघितली. भिंत उभी राहिली. मखराला बक्षीस मिळाल्यावरही तो इतका खूश झालेला मी पाहिला नव्हता.

गॅलरी मात्र उभी राहीना. लावली की कोसळायची. पोरीचे डोळे भरून आले. हेरंबला ते मिनिटाचं काम होतं आणि मला वाटलं, आता हा करणार. तो दात आवळून बसून राहिला. मग नूपुरच म्हणाली, "बाबा, एवढं धर. पण दाबू नको हां." फेव्हिकॉल सुकेपर्यंत त्यानं ती गॅलरी दोन बोटांत धरली.

शाळेच्या प्रदर्शनाला मीही गेले. टेबलांवर एकाहून एक सुबक बंगले होते, आणि ते कुणाच्या आईबापांनी केलेत तेही दिसत होतं. आमची चाळ एका अंगाला कलली होती. तिथे सगळे हेरंबला मखरवाला म्हणून ओळखत होते, त्यामुळे तो मागेच उभा राहिला. बाईंनी विचारल्यावर नूपुर जी सुरू झाली ती थांबेचना. भिंत कशी उभी राहिली, जिना का वाकडा झाला, सगळं तिला सांगायचं होतं.

"आणि बाबांनी काय केलं?" बाईंनी विचारलं.

"बाबानं गॅलरी धरली," ती म्हणाली. "हात दुखला तरी सोडली नाही."

हेरंबला चारचौघांत रडू फुटलं. मलाही.