भोपळ्याची फुलं बांधणारे

माझा मामेभाऊ भोपळ्याचं बियाणं करतो. एकटा नाही, सोबत मेकॅनिक असतो. पूर्वी कधीतरी तो विहिरीवरची मोटार दुरुस्त करायला आला आणि राहिलाच. दोघं एकमेकांचे जोडीदार आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा उच्चार कोणी करत नसे.

त्यांचं काम पाहून मी दरवेळी थक्क होतो. भोपळ्याच्या वेलाला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. उद्या उमलणारी कळी, नर असो वा मादी, आदल्या संध्याकाळी हेरून तिचं तोंड दोऱ्याने बांधायचं, म्हणजे मधमाशी दुसऱ्या वाणाचे परागकण आत आणत नाही. सकाळी सोडून नर फूल मादीला हलकेच लावायचं, की मादी पुन्हा बांधायची. दोन दांडगे पुरुष, राकट बोटं, पण पाकळीला ओरखडा नाही! एकाने हात पुढे केला की दुसरा न बघता त्यात दोरा ठेवतो.

यंदा मी तिथे असतानाच मामांनी विषय काढला. "नातीचं लग्न जमतंय. हा मेकॅनिक तुमचा कोण, म्हणून व्याही विचारतात. काय सांगू?"

"शेतकरी आहे म्हणून सांगा," मामेभाऊ म्हणाला.

"जीभ आवर. त्याने जायला हवं."

"मग आम्ही दोघंही जातो, बाबा."

दोघं कपडे भरत बसले. संध्याकाळी शेताकडे फिरकलेसुद्धा नाहीत. असं मी प्रथमच पाहत होतो.

सकाळी निघण्याआधी आम्ही तिघं शेतावर एक नजर टाकायला गेलो, तर वेलांमध्ये मामा! ऐंशी ओलांडलेले, गुडघे धरलेले. आदल्या संध्याकाळी एकटेच येऊन त्यांनी रांगच्या रांग बांधली होती, आता सोडायला आले होते.

मेकॅनिक वाकून बघत गेला आणि एकदम हसत सुटला. "बाबा, नुसती नर फुलंच बांधलीत की!"

"सगळी?"

"एकूण एक. मादी फुलं उघडीच. माश्यांची चंगळ चाललीय."

"मला वाटलं, आपल्याकडे तसंच चालतं," मामा म्हणाले.

मामेभाऊ मटकन बांधावर बसला.

"आणि व्याह्यांचं काय?" मेकॅनिकने हळूच विचारलं.

"सांगेन, घरचा आहे. पुढचं विचारायची हिंमत असेल तर विचारू देत." मामा खेकसले, "आता मादी कशी ओळखायची ते दाखव. संध्याकाळी परत बांधायचीत."

मेकॅनिकने त्यांचा हात धरला आणि उघड्या फुलाखालच्या चिमुकल्या भोपळ्यावर ठेवला.