नाव बोल, मग भायेर जा!

लूमखाली रुई साचते ना, तसे किस्से साचतात. रोज झाडा, रोज साचते. पूर्णा गावच्या इस्माईलशेठच्या यंत्रमागाच्या कारखान्यात मी अठरा वर्षं जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. तिथे जमलेल्या ढिगातले निम्मे किस्से एकट्या काशिनाथ हवालदाराचे आहेत.

हवालदार खारबावचा. फौजेतून रिटायर होऊन आमच्या दारावर वॉचमन लागला, ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला. रोज सायकलवरून यायचा, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं! पहिल्याच दिवशी शिफ्ट सुटली आणि हा दारात आडवा. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "नाव बोल, मग भायेर जा."

बावीस माणसं. कुणी यूपीचा, कुणी तेलंगी, कुणी डोंगरपाड्यावरचा वारली. भुकेने सगळ्यांचा जीव चाललेला. आत्तापर्यंत आमचं नाव कुणी विचारलंच नव्हतं! आम्ही एकमेकांना 'ए चार नंबर लूम' म्हणायचो.

त्यात रमजान एक नंबरचा टवाळ. हवालदार म्हणाला "नाव बोल", तर हा म्हणाला, "शहेनशाह!" दुसऱ्या दिवशी "कलेक्टर साब!" हवालदार चिडायचा नाही, खांद्यावरचा हात मात्र काढायचा नाही. रमजान खरं नाव सांगेपर्यंत मागची लाइन खोळंबायची आणि शिव्या मात्र हवालदाराला पडायच्या.

✻

एकदा पट्टा बदलायला लूम बंद होते, तेव्हा मी विचारलं, "हवालदार, तुम्ही खरंच कमांडो होतात?"

"तवा कमांडो हा शबूद पन न्हवता आमच्याकरं," तो म्हणाला. पासष्टची लढाई पेटली होती. एक साहेब पलटणीपलटणीतून हिंडला आणि चार इकडचे, पाच तिकडचे असे चौतीस जण गोळा केले. काम एवढंच, की शत्रूच्या मागे जायचं, पूल नाहीतर तोफ उडवायची आणि परत यायचं. तयारीला दिवस दहा.

साहेबाने विचारलं, "तैरना किसको आता है?" चौतीस हात वर! नदीवर नेलं तर निम्मे दगडासारखे खाली! हवालदार खाडीकाठचा, लहानपणापासून पाण्यातला. एकेकाला केसांना धरून त्याने बाहेर काढलं.

"मग हात कशाला वर केले?"

"अरं, फौजंत 'नही आता साब' म्हनायची पद्धत हाय का?"

✻

पुढे त्या टोळीचीच मोठी पलटण झाली. एकदा चहाच्या टपरीवर पेपरात तिचा फोटो दिसला. लाल टोप्या, छातीवर बिल्ले, रुबाबदार गडी. रमजानने फोटो हवालदाराच्या नाकासमोर धरला. "ए कमांडो, इसमें तुम किधर है?"

आम्ही हसलो, मीही हसलो. हवालदाराने फोटो नीट पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला.

"आमचे टायमाला टोपी पन उसनी होती," तो म्हणाला. "ज्याची त्याला परत दिली."

✻

लूम चालू असले की कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून हवालदाराने आम्हाला खांद्यावर मारायची खूण शिकवली. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे मागे सरक. आम्ही त्याची चेष्टा करायचो.

एका दुपारी मी वाकून नट आवळत होतो. पाठीवर दोन थापा बसल्या. शिवी हासडायची म्हणून मागे सरकलो, आणि डोक्याच्या जागेवरून तुटलेला पट्टा सपकन गेला! मागे हवालदार उभा. खरं सांगतो, त्या दिवसापासून मी त्याची चेष्टा बंद केली.

✻

आणि त्याच दिवशी, डबा खाताना, मी त्याला नावांचं विचारलं. भाकरी मोडत त्याने सांगितलं.

पहिल्याच मोहिमेची गोष्ट. काम फत्ते झालं होतं. पहाटेचं दाट धुकं, सगळ्यांची तोंडं काजळीने काळी, अंगावर घोंगड्या. हवालदाराला ओढ्याच्या तोंडाशी उभं केलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून मोजायचं. स्वतःला धरून त्याचा आकडा भरला चौतीस.

"साब, पूरे!" म्हणाला. टोळी निघाली. दोन तास चालून आपल्या हद्दीत आली, चहा झाला. चहा पिऊन एक जण हात जोडून उभा राहिला. "साहेब, माझी म्हैस कुणी पाहिली का?"

तो तिकडचा गुराखी होता! गोळीबाराला भिऊन लायनीत शिरला होता बिचारा.

मी हसलो, आणि मग मनात मोजलं. गुराखी धरून चौतीस, म्हणजे आपला एक मागे राहिला.

"साहेबानी इचारला, कोन राह्यला? दहा दिसांची वलख. कोनाला नाव म्हाईत न्हवता. एक बोलला, 'वो जो गुड़ बाँटता था।' आमी परत गेलो. तिथं कोन न्हवता."

"मग नाव कळलं का कधी?"

"कलला. उशिरा." त्याने डबा बंद केला आणि हात धुवायला उठला.

✻

पुढे इस्माईलशेठ वैतागले. माणूस वाईट नाही, पण घाईचा. "हवालदार, हे नावं-बिवं आता बंद कर. बाहेर दुसरी शिफ्ट ताटकळते. डोकी मोज, बावीस झाली की दार लाव!"

"शेठ, मोजनीचा आकरा खोटा बोलतो."

"आणि तू माझा धंदा बसवतो! ऐकायचं नसेल तर सायकल काढ."

दुसऱ्या दिवसापासून नुसती डोकी. रमजान तर दारातून नाचत गेला, "आज़ादी!"

✻

त्यानंतर महिना झाला नसेल. भर दुपारी वायरीतून ठिणगी उडाली आणि रुईने पेट घेतला. रुईची आग चालत नाही, पळते! आम्ही धुरातून खोकत, एकमेकांचे शर्ट धरून अंगणात आलो. डोळे उघडत नव्हते, तोंडं काळी झाली होती. हवालदार बंब बोलवायला फाट्यावर धावला होता, म्हणून मीच मोजलं. एकदा मोजलं, दोनदा मोजलं.

"बावीस!" मी ओरडलो. "शेठ, पूरे बावीस!"

शेठ जमिनीवर बसले आणि शुक्र शुक्र करू लागले. तेवढ्यात हवालदार परत आला आणि सरळ पहिल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नाव बोल!"

"अरे मोजले मी!"

"नाव बोल!"

कुणी रडत, कुणी शिव्या देत नावं सांगू लागले. नवव्या माणसाने घाबरून सांगितलं, "मैं तो बाजूवाले कारखाने का. पानी मारने आया था."

बाकीच्यांनी भराभर नावं सांगितली, त्यात एक नाव आलंच नाही. मी वळून ओरडलो, "रमजान! रमजान कुठाय?"

हवालदाराने टाकीत पोतं बुडवलं, डोक्यावर घेतलं आणि आत गेला. मी दारापर्यंत गेलो. पुढे पाय उचललाच नाही, हे कबूल करतो. आतून पत्रे तडकल्याचे आवाज येत होते. शेठ नुसते "या अल्ला, या अल्ला" करत होते. किती वेळ गेला, मला आजही सांगता येणार नाही.

मग दारात पोतं दिसलं. मागच्या सुताच्या खोलीतून हवालदाराने रमजानला काखेत धरून ओढत आणलं होतं. त्याच्या स्वतःच्या भुवया जळाल्या होत्या. त्याने रमजानला अंगणात निजवलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"नाव बोल."

रमजान खोकला, खूप खोकला. "रमजान," म्हणाला. "रमजान अली."

शेठ धावत आले, हवालदाराचे दोन्ही हात धरले. "आले ना? हवालदार, आता सगळे आले ना?"

"न्हाय. एक राह्यला हाय."

आम्ही सगळे पुन्हा पेटत्या दाराकडे वळलो.

"तिकरं न्हाय," हवालदार खाली बसत म्हणाला. "तो गुड़ वाटनारा. भगतराम. भगतराम नाव त्याचा."