बगळ्यांचा काशीराम

आपट्यापासून उरणपर्यंत सामना क्रिकेटचा असो की कबड्डीचा, माईकवर काशीराम. त्याचा आवाज पाताळगंगा ओलांडायचा. पलीकडच्या गावातली माणसं ओटीवर बसूनच धावा मोजायची. तीस वर्षांत त्याने एक नेम मोडला नव्हता. पाहुणा मैदानात आला की खेळ थांबायचा. शाल, नारळ, चार गोड शब्द, मगच पुढचा चेंडू. एकदा झेल हवेत असतानाच त्याने सरपंचांचं स्वागत केलं. झेल सुटला, पण सरपंच खूश झाले.

अशात बळीरामशेठनी पनवेलला बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ काढला. क्रिकेटचा संघ गल्लोगल्ली होता आणि शेठना कुणाकडे नसलेलं काहीतरी हवं होतं. नाव ठेवलं 'पनवेलचे बगळे'. "लांब पाय, पांढरे कपडे. दुसरा काय नाव ठेवू?" शेठ म्हणाले. माईकवर कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

पहिल्याच सामन्यात काशीरामने चार सत्कार उरकले. प्रशिक्षक सत्यजीत सर पुण्याचे. ते तरातरा टेबलापाशी आले.

"काका, हा खेळ घड्याळावर चालतो! पुन्हा एकदा सामना थांबवलात, तर माईक काढून घेईन. मुंबईची एक मुलगी तयारच आहे."

घरी हौसाने ऐकलं आणि ती पदर तोंडाला लावून हसली. "तुमी आनि सत्काराबिगर सामना? मासली पान्याबिगर र्‍हाईल एक वेल."

पण माईक गेला तर काशीरामकडे उरणार काय? शेती कधीच विमानतळाखाली गेली होती. त्याने दातावर दात धरले. पुढचे चार सामने तो नुसते गुण सांगत राहिला. टेबलाखाली शालींची चवड तशीच पडून होती, नारळांना कोंब यायला लागले होते. बगळेही इमानाने पाचही सामने हरले.

सहावा सामना हंगामातला शेवटचा, पुण्याच्या संघाशी. बारा सेकंद उरलेले, बगळे एका गुणाने मागे, चेंडू बगळ्यांचा. सरांच्या हक्काच्या सगळ्या विश्रांती संपलेल्या. आणि ज्याच्यावर सगळी भिस्त, तो प्रणित पोटरीत गोळा येऊन एका पायावर उभा. अगदी नावाला शोभेल असा.

त्याच क्षणी दारातून बळीरामशेठ आले. कुणाच्या तरी हळदीतून थेट, कपाळाला हळद, मागे बँजो पार्टी.

सरांनी लांबूनच बोट दाखवलं. खबरदार!

काशीरामने शेठकडे पाहिलं. मग प्रणितच्या पायाकडे पाहिलं. आणि माईक उचलला.

"बगळ्यांचे पालनकर्ते, दानशूर बळीरामशेठ यांचं या ठिकाणी आगमन झालेलं आहे! त्यांच्या शुभहस्ते आपण सन्माननीय पंचांचा सत्कार करूया!"

बँजो वाजला. पंच नको नको म्हणत असतानाच त्यांच्या अंगावर शाल पडली, हातात कोंब आलेला नारळ आला. हार एवढा मोठा की शिट्टी त्याखाली कुठे गेली ते सापडेना. ती सापडेपर्यंत प्रणितची पोटरी दोघांनी चोळून मोकळी केली होती. पुण्याचे खेळाडू गार पडले होते. त्यातले दोघे तर टाळ्या वाजवत होते.

खेळ सुरू झाला. प्रणित उडाला. चेंडू कड्यावर एकदा फिरला, दोनदा फिरला, आणि आत गेला.

"बगळे विजयीऽऽ!"

ते शब्द पाताळगंगेपार पोचले असावेत. गलका ओसरला तसे सर टेबलापाशी आले. त्यांचे डोळे ओले होते, तरी त्यांनी हात पुढे केला.

"काका, मी शब्दाचा पक्का आहे."

"ठावं हाय," म्हणत काशीरामने माईक त्यांच्या हातात ठेवला.

मुंबईची मुलगी काही आली नाही. आठवडाभरात स्पर्धाच कायमची गुंडाळली गेली आणि बगळे उडाले. काशीराम अजून मिशीवर हात फिरवत सांगतो, "रीतसर काढून टाकलेला मी एकलाच. बाकीच्यांना कोनी बोलावलाच नाय."

परवा आपट्याला क्रिकेटचा अंतिम सामना होता. शेवटचं षटक, तीन चेंडू, पाच धावा. गोलंदाज धावत निघाला आणि काशीरामला गर्दीत मागे एक ओळखीचा चेहरा दिसला.

"थांबाऽऽ! पुण्याहून आपल्या भेटीला आलेले सन्माननीय सत्यजीत सर…"

"अहो काका, षटक तर संपू द्या!" सर ओरडले.

पण तोवर नारळ निघाला होता.