भिवराबाईची वाकडी पिशवी

त्या वर्षी पोळ्यालाच बैलांपुढं पाण्याची बादली अर्धीच भरून ठेवावी लागली. त्यानंतर शिरूर कासारच्या अंगाला असलेल्या त्या वस्तीवर यंदा ऊसतोडीला कोण जाणार, हे कुणी कुणाला विचारलंच नाही. दसरा झाला की ट्रक येणार आणि घरोघरचा कोयता त्यात चढणार. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम दारातही उभा करत नाही.

भिवराबाईनं मात्र यंदा जायचं नाही असं मनाशी धरलं होतं. त्याचं कारण कालिंदा. पोरगी नववीत होती. आजवर तोडीचे सहा महिने ती आजीपाशी राहायची. पण आजीच्या, म्हणजे साखराबाईच्या, डोळ्यांत आता फूल पडलं होतं. दिवेलागणीला दारात कोण उभं आहे हेही म्हातारीला ओळखू यायचं नाही. शेजारच्या घरात गेल्या साली हाच पेच पडला होता. त्यांनी ट्रक यायच्या आधी घाईघाईनं पोरीचं लग्न उरकलं आणि मोकळ्या मनानं तोडीला गेले. ती पोरगी आता सासरच्या टोळीत मोळ्या वाहत होती. भिवराबाईही धारूरच्या घाटातल्या माहेरातून अशाच घाईत, पदर यायच्या आत, इकडं आली होती. कालिंदा झाली तीही उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत. सकाळी मोळ्या बांधल्या आणि दुपारी बाळंत झाली.

घरी राहायचं तर हाताला काम पाहिजे. ते काम केसरबाईंच्या महिला सहकारी संस्थेनं आणलं होतं. क्रोशाच्या पिशव्या विणायच्या; दसऱ्यापर्यंत जिची पिशवी पास होईल, तिला सालभर घरबसल्या काम. शिकवायला अंबाजोगाईहून गीताबाई यायच्या. मारुतीच्या सभामंडपात बायका सुया घेऊन बसायच्या, आणि पाण्याचा टँकर वाजला की निम्म्याअधिक उठून पळायच्या.

"ही पिशवी गोल गोल चढत जाते," गीताबाई सांगायच्या. "फेरा संपला म्हणून गाठ न्हाई, जोड न्हाई. एकातून दुसरा निघतो. म्हणून सुरुवातीच्या टाक्यात लाल दोरा अडकवायचा. फेरा तिथं आला की दोरा उचलायचा, वर सरकवायचा. विसरलात तर कुठून निघालो तेच कळायचं न्हाई."

"म्हंजे घाण्याच्या बैलावानी की," कुणीतरी म्हणालं.

"बैलाला निदान पेंड मिळती गं," दुसरीनं टोला हाणला. मंडप हसला.

भिवराबाईला हसायला सवड नव्हती. मुका खांब नावाचा पहिला टाकाच तिच्या सुईवरून उतरत नव्हता. हा टाका सगळ्यात सोपा, पण तिनं दोरा इतका आवळलेला असायचा की पुढच्या फेऱ्यात सुईचं टोक आत शिरायचं नाही. तळ ताटासारखा सपाट बसायला हवा होता. तिचा वाटीसारखा वळून वर यायला लागला.

गीताबाईंनी तिचा पंजा उलटा करून पाहिला. तळव्याला घट्टे होते आणि बोटांत उसाच्या पात्यांनी कापलेल्या जुन्या रेघा. "किती वर्सं तोडीला जाता?"

"लगीन झाल्यापून."

"तुम्ही विणत न्हाई बाई, मोळी बांधताय. सुटली तर मुकादम वरडंल म्हणून. इथं कुणी वरडत न्हाई. हात सैल सोडा."

हात सैल सोडायचा म्हणजे काय, हे भिवराबाईला कुणी आजवर सांगितलेलं नव्हतं. पहिली पिशवी कशीबशी वर चढली. मध्येच लाल दोऱ्याची खूण हरवली, त्यामुळं ती एका अंगाला कलली. तिच्या नवऱ्यानं, शहादेवनं, ती बोटावर अडकवून फिरवली.

"ह्याच्यात काय ठिवायचं? उंदराचं बाळंतपण करायचं का?"

"ही शिकायची हाय. दुसरी नीट हुईल."

शहादेव माणूस वाईट नव्हता. पण सुग्रीव मुकादमाकडून आला की तो घरात नीट बघायचा नाही, खाली बघून बोलायचा. "मुकादम म्हणतो, पोरीपायी बायको घरी ठिवतोस, तर पोरगी एखाद्या घरी दे. बायको मोकळी हुती. त्याच्या भाच्याला, उत्तरेश्वरला, जोडी न्हाई. दोन कोयते पुरे हुत्यात म्हणला."

"तुमी काय म्हणलाव?"

"काय म्हणणार? इचारतो म्हणलो."

"इचारलं. आता न्हाई म्हणून सांगा."

तो उठून बाहेर गेला. साखराबाई भिंतीला टेकून सगळं ऐकत बसली होती.

त्यानंतर घरात बारीकसारीक गोष्टी बदलल्या. म्हातारीनं कालिंदाचं डोकं स्वतः तेल लावून विंचरलं. तुझी उंची मायएवढी झाली का, म्हणून तिला चाचपून पाहिलं. वस्तीवरच्या बायका कालिंदा दिसली की बोलता बोलता थांबायच्या. भिवराबाई दुसऱ्या पिशवीचे टाके घालत हे सगळं पाहत होती. बोटं हळूहळू ढिली पडत होती, तळ सपाट बसत होता.

एका दुपारी छबुबाई आली. मुकादमाची थोरली बहीण, उत्तरेश्वरची आई. भिवराबाईनं आधी कालिंदाला घागर देऊन टँकरकडं पिटाळलं आणि मग पाहुणीला पोतं अंथरलं. विषय निघाला की तोडायचा, असं ठरवून ती बसली. पण छबुबाईनं पोरीचं नावच काढलं नाही. छावणीतल्या चाऱ्याचं बोलली, आटलेल्या विहिरीचं बोलली. मग तिची नजर खुंटीवरच्या वाकड्या पिशवीवर गेली.

"बया! हे तुझ्या हातचं?"

"वाकडी हाय ती, छबुअक्का. पहिली हाय."

"असूं दे की. आमच्या घरात एकीच्या तरी बोटात हाय का असली कला? उसाचं बुडूक तोडायचं सोडून काय येतंय आपल्याला? मला दे गं ही. पान-तंबाकू ठिवीन."

त्या पिशवीला आजवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. भिवराबाईच्या तोंडावर नको नको म्हणता हसू आलं. तिनं खुंटीवरून पिशवी काढली.

"रिकामी देऊ नगंस, भिवरे," साखराबाई कोपऱ्यातून म्हणाली. "सवाष्णीला देतीस. उतरंडीमागं नारळ हाय बघ."

नारळ खरंच होता. ह्या दुष्काळात घरात नारळ कुठून आला, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण पाहुणी समोर होती. तिनं नारळ पिशवीत घातला, कुंकू लावलं. छबुबाईनं पिशवी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि चहालाही न थांबता निघाली.

संध्याकाळी शहादेव आला तो हलका होऊन. "बरं केलंस. मला वाटलं तू आडून बसतीस."

"काय केलं मी?"

"मुकादमानं सगळ्या टोळीला सांगितलं. पोरीच्या मायनं सोताच्या हातानं भरली पिशवी दिली, म्हंजे होकार दिला. उद्या देवीपुढं नारळ फोडून वाटणार हायती."

भिवराबाई सासूकडं वळली. "आत्याबाई, तुमाला ठावं हुतं?"

"मला कुठं काय दिसतंय, बाई," साखराबाई म्हणाली.

नारळ फुटून वाटला गेला की सोयरिकीचं बोलणं पक्कं. मग मोडलं तर सगळी वस्ती अंगावर येणार. भिवराबाई उजाडताच निघाली. छबुबाईच्या अंगणात बायका जमल्या होत्या. पिशवी ओसरीवरच्या देवीच्या फोटोखाली टांगलेली होती आणि तळाच्या वाटीत नारळ घट्ट बसला होता.

"माझी पिशवी द्या, छबुअक्का. मी सहज दिलती."

कुणीतरी हसलं. छबुबाई हसली नाही. तिनं पिशवी काढली, नारळ बाजूला ठेवला, आत जाऊन आली आणि पिशवी पुढं केली. आत हिरव्या बांगड्या आणि चोळीचा खण होता.

"रिकामी तूबी दिली न्हाईस, आमीबी देत न्हाई. घे."

घेतली तर संपलं, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. भिवराबाईनं पिशवी घेतली आणि उंबऱ्याच्या आत उलटी केली. खण पडला. बांगड्या फरशीवर फुटल्या. एक म्हातारी "अगं, अगं" करत उठली.

अंगणाच्या तोंडाशी उत्तरेश्वर उभा होता. त्यानं वाट दिली. "लई भारी केलंस, मामी," एवढंच म्हणाला, हळू आवाजात.

त्यानंतर शहादेवला कुठल्याच टोळीत जागा मिळाली नाही. मग तो छावणीत दुसऱ्यांच्या जनावरांचं शेण उचलायला जाऊ लागला. दुसरी पिशवी गीताबाईंनी उलटसुलट पाहून पास केली. पण केसरबाईंनी तिला थांबवून घेतलं. "भिवराबाई, सुग्रीव आमच्या जवळचा माणूस हाय. तुमी असं कावून केलं? दिवाळीपत्तुर काम देते. पुढचं पुढं बघू."

ट्रक आला. वस्ती रिकामी होत होती. भिवराबाई दारात उभी राहून चढणारी माणसं बघत होती. छबुबाई चढली, तिचा नवरा चढला. उत्तरेश्वर चढला नाही. तो मोटारसायकल घेऊन शाळेच्या रस्त्यावरच्या पुलाजवळ उभा होता, आणि ट्रक गेल्यावरही तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी भिवराबाई कालिंदाबरोबर निघाली. पोरगी लाजली. "माय, पोरी हसत्याल."

"हसू दे. चल."

कालिंदा वर्गात गेली. भिवराबाई फाटकाजवळ भिंतीच्या सावलीत बसली आणि नव्या पिशवीचा तळ धरला. हेडमास्तर येऊन म्हणाले, "बाई, इथं कावून बसलात? घरी जा की."

"हितंच विणते, सर. सावली हाय."

तिनं लाल दोरा उचलला, वर सरकवला. टाके पुन्हा आवळले जात होते. सुई आत शिरेना. पुलावर मोटारसायकल येऊन थांबली. तिनं मान वर केली नाही. पण शाळा सुटायला अजून बराच वेळ होता, आणि तिकडचं इंजिन काही बंद होत नव्हतं.