उन्हात ठेवलेला मोबाइल

हां, तर जलाल आमच्या दारात उभा आहे, आणि टॉवेलात गुंडाळलेलं खोकं त्याने छातीशी असं धरलंय की वाटावं नुकतंच जन्मलेलं पोर आहे. इथवर मी काल आलो होतो. तेवढ्यात जेवायची हाक आली आणि राहिलं. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडा मागे जातो. मागे जायला मला काही निमित्त लागत नाही म्हणा.

माझा मुलगा मनीष सौदीत हुफूफला नोकरीला आहे. सून स्वप्नाली शिकलेली इलेक्ट्रॉनिक्स, पण सध्या घरीच. मी भर उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा आमच्या माणगावात सगळे म्हणाले, म्हातारा भाजून परत येणार. मी कसला भाजतोय! सूर्य टेकला की चपला चढवायच्या आणि खजुराच्या बागांकडे फिरायला सुटायचं, हा माझा नेम. असाच एकदा चाललो होतो, तर कुंपणापलीकडून आवाज: "चल ना रे बाबा! काल तर बरा होतास. आज काय सासुरवाडीला आलास काय?"

मी जागीच थांबलो. अरबस्तानात आपल्या म्हसळ्याच्या बोलीत कोण कुणाला समजावतंय? वाकून पाहिलं तर एक माणूस पाण्याच्या पंपाशी बोलत होता. दाढी अर्धी पांढरी, पायात रबरी बूट, हातात पाना. मी म्हटलं, "ऐकत नसेल तर दोन शिव्या घाल. आपल्याकडचा पंप असाच चालू होतो."

तो वळला, मला वरखाली न्याहाळलं आणि विचारलं, "काका, गाव कंचा?"

माणगाव म्हटल्यावर त्याने पाना खाली टाकला आणि चहा ठेवला. तो हा जलाल, म्हसळ्याचा.

बागेच्या कडेला त्याची पत्र्याची खोली. आत एक पलंग, एक शेगडी, आणि एक एसी. एसी तो फक्त झोपताना लावायचा. दिवसभर कामावर असल्यावर रिकाम्या खोलीला थंडावा कशाला, असं त्याचं म्हणणं. पलंगाखाली मोठी बॅग. आखातात राहणाऱ्या आपल्या माणसांच्या पलंगाखाली ही बॅग असतेच. चादर, अत्तर, टॉर्च, बदामाचा डबा, साबणाच्या वड्या, सगळं गावाला न्यायचं, आणि सगळं सीलबंद. स्वतः मात्र साबणाचा झिजून पानासारखा झालेला तुकडा वापरायचा. मी चिडवलं, "अरे, त्यातली एक वडी काढ की!" तर म्हणतो, "ती मुन्नीची हाय, काका." मुन्नी म्हणजे त्याची बायको.

त्याच बॅगेत सगळ्यात खाली ते खोकं होतं. नवा मोबाइल, आणि सोबत पॉवर बँक. वर चकचकीत प्लास्टिक, जसंच्या तसं. ते होतं अदिबासाठी.

अदिबा त्याची एकुलती मुलगी. लहानपणी मेंदूचा ताप आला आणि त्यात कान गेले. महाडला बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकली, मराठीत, आणि चांगली शिकली. आता घोटाळा बघा. जलाल शिकलेला उर्दू शाळेत, तोही चौथी. त्याने लिहिलेलं पोरीला वाचता येत नाही आणि पोरीने लिहिलेलं त्याला. ती समोरच्याच्या ओठांवरून ओळखते, पण तिच्या जुन्या मोबाइलवर बापाचं चित्र अडकत-अडकत येतं आणि वर ही दाढी! म्हणून बापलेकीच्या मध्ये कायम मुन्नी.

"मी पोटभर बोलतो, काका," तो म्हणायचा, "आन् मुन्नी दोन बोटं हलवून मोकळी. मी बोलतो, एवढाच? ती बोलते, सगळा सांगितला!"

मी हसलो. तो हसला नाही.

कुणीतरी त्याला सांगितलं होतं की नवे मोबाइल ऐकलेलं लिहून दाखवतात आणि लिहिलेलं बोलून दाखवतात, मराठीतसुद्धा. त्याने तो घेतला आणि बॅगेत ठेवला, सुट्टीत स्वतःच्या हाताने द्यायला. पण त्याचा कफील, म्हणजे बागेचा मालक, दर वेळी म्हणायचा, खजूर उतरू दे, मग जा. खजूर उतरला की नवी लागवड, लागवड झाली की पंप नवा. सुट्टी पुढे जात राहिली, खोकं बॅगेत राहिलं.

आणि आता श्रीवर्धनहून अदिबाला स्थळ आलं होतं. मुलगा बरा, घर बरं. ईदनंतर साखरपुडा.

"मुन्नी बोलते, पोरगी राजी हाय," जलाल चहाचा ग्लास फिरवत म्हणाला. "पन ह्या मुन्नीच्या तोंडचा झाला. मला माझ्या बायचा ऐकायचा हाय. सासरी गेल्यावर कोन ऐकनार हाय तिचा?"

मी महिनाअखेर परत निघणार होतो. खोकं माझ्याबरोबर पाठवायचं ठरलं. मी म्हसळ्याला जाऊन अदिबाच्या हातात ठेवणार, ती उघडणार, आणि साखरपुड्याआधी बापलेक एकदा तरी मध्ये कुणी न घेता बोलणार.

तेव्हापासून त्याच्या शंका सुरू झाल्या. रोज संध्याकाळी एक तयार. रात्रभर चार्जिंगला राहिला तर फुटतो काय? चार्जर दुसऱ्या कंपनीचा चालेल काय? आपल्याकडे वीज जाते-येते, त्याने आत काही जळतं काय? पॉवर बँक विमानात नेऊ देतात काय? मी सातवी पास माणूस, मला काय ठाऊक! पण मला मजा यायची. प्रश्न घेऊन घरी यायचं, पोळ्या लाटणाऱ्या सुनेसमोर स्टूल ओढून बसायचं आणि विचारायचं.

"बाबा, ते स्वतः का नाही विचारत मला?" स्वप्नाली म्हणायची.

"लाजतो गं. आणि मग मला काय काम राहील?"

ती उत्तर द्यायची. रात्रभर ठेवला तरी तो आपोआप थांबतो. चार्जर चालेल, पण चांगला घ्या. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, विमानात हातातल्या पिशवीत ठेवा. मी दुसऱ्या दिवशी ते जलालला असं ऐटीत सांगायचो की बागेतले इतर कामगारही येऊन ऐकत बसायचे.

एकदा तिनेच मला उलट विचारलं, "मोबाइल घेऊन किती काळ झाला? अजून सीलबंद आहे? बाबा, त्यांना सांगा, उघडून चार्ज करायला. नुसती पडून राहिली की बॅटरी आतल्या आत उतरते. मग उठत नाही."

मी सांगितलं. जलालचा चेहरा उतरला.

"सील फोडू? वापरलेला माल लेकीला देऊ? तिची सासू बोलंल, बापाने जुना गळ्यात मारला."

दोन दिवस तो खोकं नुसतं उलटंपालटं करत होता. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर एकदम खुशीत. "काका, तोड मिलाली! सील पन शाबूत, आन् बॅटरी पन ताजी."

आता तुमच्यातल्या पिकल्या केसांच्या लोकांना आठवत असेल, रेडिओचे सेल मंदावले की आपण काय करायचो. काढून उन्हात ठेवायचो! आमच्या घरी ओटीच्या पायरीवर सेल ओळीने वाळवणासारखे पडलेले असायचे, आणि संध्याकाळी बातम्या पुन्हा खणखणीत. एकदा तर आमच्या शेजारच्या आत्याने ते सेल कोंबडीने पळवू नयेत म्हणून टोपलीखाली झाकले, आणि वर तीच टोपलीवर बसून राहिली. जाऊ दे, ती गोष्ट वेगळी.

जलालने तेच केलं. अख्खं खोकं पंपाच्या शेडच्या पत्र्यावर उन्हात ठेवलं. रोज सकाळी ठेवायचा, संध्याकाळी पुसून आत. हुफूफचं ऊन! तिथे नळाच्या थंड पाण्याने हात पोळतो.

आणि मग तो शुक्रवार. दुपारच्या नमाजनंतर तो आमच्या दारात उभा, टॉवेलात खोकं. इथवर आपण आलो होतो.

"काका, झाकन वर आलाय. वैनींना बघायला सांगता काय?"

आत आला, सोफ्याच्या अगदी कडेला बसला. स्वप्नालीने टॉवेल सोडला. प्लास्टिक ताणून फाटलं होतं. पॉवर बँक पावासारखी फुगलेली, मोबाइलचं मागचं झाकण एका बाजूने उचललेलं. तिने हात मागे घेतला.

"कुणी दाबू नका. चार्जिंगला अजिबात लावायचं नाही. हे पेट घेऊ शकतं." तिने ते सगळं बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत वाळूवर नेऊन ठेवलं.

जलालने विचारलं, "दुरुस्त होल?"

"नाही होणार, जलालभाई."

त्याने टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.  मग तो हळूच म्हणाला, "आता मी तिला इचारू कसा?"

स्वप्नालीने हात पुढे केला. "तुमचा मोबाइल द्या बघू. खिशातला."

तडकलेल्या काचेचा जुना मोबाइल त्याने दिला. तिने त्यात काहीतरी शोधलं, मराठी निवडलं, एका जागी बोट ठेवून त्याच्या तोंडापुढे धरला. "बोला."

"काय बोलू?"

काचेवर अक्षरं उमटली. तिने वाचून दाखवलं: "काय बोलू."

जलाल त्या अक्षरांकडे बघतच राहिला. त्याला ती वाचता येत नव्हती, पण आपलीच आहेत हे कळत होतं. "आन् हा अदिबाला जाईल? जसा हाय तसा?"

"आत्ता जाईल. तिने लिहिलेलं मी तुम्हाला वाचून दाखवते."

"हे ह्या मोबाइलात कधीपासून हाय, वैनी?"

स्वप्नालीने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायची तिला सवय नाही. "पहिल्यापासून असणार."

त्याने डोळ्यांवर टॉवेल दाबला. बराच वेळ. मी उठून पाणी आणलं, ते त्याने घेतलं नाही. मग तोंड पुसून मोबाइल दोन्ही हातांनी धरला, आणि दूरच्या माणसाला हाक मारावी तसा मोठ्याने बोलला, "अदिबा बाय, मी अब्बा. तुला पोरगा पसंत हाय काय? खरा सांग."

मेसेज गेला. खुणा निळ्या झाल्या. तिकडून बराच वेळ काही येईना. मग स्वप्नालीने वाचलं: "हे तुम्ही बोलताय की कोणी लिहून देतंय?"

जलालने मोबाइल तोंडाजवळ नेला. "मीच. लहानपनी तू पंपाच्या हौदात पडलेलीस, मी तुला केसाला धरून काढला. अम्मीला आजून सांगितला नाय."

आता उत्तर लगेच आलं. स्वप्नाली वाचायला लागली आणि मध्येच तिचा आवाज बारीक झाला: "अब्बा, अम्मी म्हणाली तुम्ही त्यांना शब्द दिला आहे. तुमचा शब्द पडू नये म्हणून मी हो म्हटलं. मला अजून शिकायचं आहे. आता नाही म्हटलं तर चालेल का?"

 जलाल उभा राहिला. पुन्हा बसला. मोबाइल ओठांना लागेल इतका जवळ धरला, आणि या वेळी हळू बोलला. तो जे बोलला ते स्वप्नालीने जपून ठेवलंय, मी जसंच्या तसं सांगतो:

"मी कोनाला शब्द दिलेला नाय, बाय. तुला इचारल्याबिगर कसा देईन? नको तर नको, मी आजच श्रीवर्धनला फोन करतो. अम्मीवर रागवू नको, आपल्या दोघांचा बोलून बोलून ती दमली. आन् आता तुला जा लिवायचा हाय ता लिव, सगळा लिव, मी हितंच बसलोय."