वाटेवरचा कचरा

साल त्र्याहत्तर असावं. मी अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावरच्या एका शाळेत मास्तर होतो. मूळचा श्रीरामपूरकडचा, म्हणजे सपाट मुलखातला. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेचा पूल. मेच्या सुट्टीत एक दिवस ठरवलं, घळीच्या काठाकाठानं एकट्यानं चालायचं आणि संध्याकाळी परत यायचं. गावाशेजारी तळ दिसत नाही एवढी घळ, आणि मी वर्षभर पोरांकडून पाढे घोकून घेत बसलेला.

पहाटे निघालो. वेशीवर पहिल्याच माणसानं विचारलं, "मास्तर, काय चुकलंय?" तिकडे माणूस डोंगरात उगाच जात नाही, जनावर चुकलं तरच जातो. "काही नाही, सहज फिरायला," मी म्हणालो. तो माझ्याकडे असा बघत राहिला, की आपल्या घरी कुणी वारलंय की काय असं मलाच वाटायला लागलं. पुढच्या माणसाला मी सरळ सांगितलं, "बैल चुकलाय."

"कंचा?"

"पांढरा."

त्याचं समाधान झालं.

नऊ वाजताच ऊन डोक्यावर बसलं. वाऱ्याचं नाव नाही, झाडाचं पान हलेल तर शपथ. वाट मधूनमधून फुटायची. पहिल्या फाट्यावर एका वाटेत जांभळीची ओली फांदी आडवी पडलेली. ती ओलांडून वीस पावलं गेलो, तर वाट संपली आणि पुढे नुसती घळ. देखावा झकास. पुढच्या फाट्यावर आणखी एक फांदी, त्याच्या पुढे तिसरी. गुराख्यांचा आळस, दुसरं काय! मी पडलो स्वच्छतेचा मास्तर, रोज चाळीस पोरांची नखं तपासणारा. पहिली फांदी परत येताना उचलून घळीत भिरकावली होतीच. उरलेल्या दोन्हीही भिरकावल्या आणि कमरेवर हात ठेवून मोकळ्या वाटेकडे बघितलं. फार बरं वाटलं.

दुपारी पाण्याच्या टाक्यापाशी पोचलो. खडकात खोदलेलं जुनं टाकं, उन्हाळ्यात त्यात थेंब थेंब पाझर. आमच्याच गावच्या खालच्या वाडीची एक बाई वाटीवाटीनं हंडा भरत बसली होती, शेजारी आहेराचं गाठोडं. भाचीच्या लग्नाला निघाली होती, लग्नघरासाठी पाणी घेऊन.

"बैल चुकलाय म्हणं तुमचा," ती म्हणाली. बातमी माझ्याआधी पोचली होती. "माझा बाप मागनं येतोय. डोळ्यांत फुलं पडल्यात त्याच्या, दिसत न्हाई. पानी भरायला येळ लागतो, म्हनून मी म्होरं आले."

"एकटे कसे येतील?"

"फांद्या टाकल्यात की. नको त्या वाटंला आडवी फांदी. काठीला पाला लागला की तो वळतो. त्यानंच शिकवलंय मला."

"बैल दिसला," असं काहीतरी बरळलो आणि आल्या वाटेनं पळत सुटलो. खरं सांगायची हिंमत झाली नाही. लाज वाटते, पण झालं ते असं.

पहिला फाटा आला, कुणी नाही. दुसरा आला, कुणी नाही. तिसरा म्हणजे सकाळचा पहिला. तिथे धुळीत अनवाणी पाय उमटलेले आणि शेजारी काठीचे गोल ठसे. देखाव्याच्या वाटेनं गेलेले.

म्हातारा तिथे बसलेला होता. काठापासून दोन हातांवर, काठी मांडीवर आडवी. मी त्याच्याजवळ धपकन बसलो.

"कोन हाय?"

"शाळेतला मास्तर."

"पाला लागला न्हाई, म्हनून सरळ आलो. मंग वाट वळखीची वाटंना. म्होरं खडा फेकला. त्याचा आवाजच आला न्हाई. मंग बसलो."

"किती वेळ झाला?"

"लई."

"फांद्या मी काढल्या, बाबा. मला कचरा वाटला." आणि मला रडू फुटलं.

त्यानं मांडीवरची काठी उचलली. मग म्हणाला, "हात द्या."

उठल्यावर त्यानं माझा दंड घट्ट धरला. तिन्ही फाट्यांवर मला थांबवलं, जांभळीची फांदी तोडायला लावली, आणि मी टाकलेली नीट पडली की नाही हे काठीनं चाचपून बघितलं. दुसरी त्यानं परत टाकायला लावली.

टाक्यापाशी लेक उभीच होती. "एवढा उशीर?"

"वाऱ्यानं फांद्या उडाल्या," म्हातारा म्हणाला. "मास्तर घावले म्हनून आलो."

तिनं बापाचा चेहरा पदरानं पुसला. मग वाटी भरली आणि त्याच्याआधी माझ्यापुढे धरली. "देवासारखे भेटलात, मास्तर. आन् बैल घावला का?"

मी वाटी खाली ठेवली.

"बैल नव्हताच, बाई," मी म्हणालो. "आणि वाराही नव्हता."

तिनं बापाकडे बघितलं. म्हातारा खडकावर टेकला.

"आधी पानी प्या," तो म्हणाला.